माझ्या कबरीवर बंदुका वाजवू नयेत

मी, गेलेन्चेर आम्ब्रुश, वय वर्षे त्रेपन्न, धंदा विहिरींचे पंप दुरुस्त करणे, राहणार तिसाकेरेक, दफनभूमीलगतची गल्ली, घर क्रमांक ३१, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि गेले नऊ दिवस दारूला शिवलेलो नसताना, हे मृत्युपत्र करून ठेवीत आहे. येत्या गुरुवारी शहरातल्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले अठ्ठ्याण्णव जण आपल्या पायांनी घरी जातात. झडपा मीही सव्वीस वर्षं बदलतो आहे. उरलेल्या दोन पंपांचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

वकील केलेला नाही. कायद्याचं पुस्तक वाचनालयातून आणून दोनदा वाचलं. टाइप केलेल्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीला राहू नये, एवढं मला कळतं.

१. घर पत्नी पिरोश्का हिला. ती चुलीपाशी उभी राहून ऐकते आहे आणि म्हणते, "घर माझ्या बापाचं. माझंच घर मला देतोस, केवढं मोठं मन!" छप्पर, पंप आणि मागची शेड मी उभी केली. तेवढं तरी माझ्याकडून मिळालं असं तिने धरावं.

२. हत्यारं गावच्या अग्निशमन पथकाला. बत्तीस नंबरचा पाना यात नाही. तो २०११ साली साक्षीदार क्रमांक दोन 'दोन दिवसांसाठी' घेऊन गेले. सहीला येताना त्यांनी तो आणावा.

३. अंत्यविधी. हे कलम सर्वांत महत्त्वाचं आहे. मृत्युपत्र माणूस पुरल्यावर उघडतात, म्हणून याची प्रत शिकारी मंडळाच्या अध्यक्षांना आजच देत आहे. शिकारी मेला की मंडळ त्याच्या कबरीवर तीन फैरी झाडतं. माझ्या कबरीवर एकही झाडू नये. परवा हे अध्यक्षांना तोंडी सांगितलं तर ते हसले.

"आम्ब्रुश, फैरींशिवाय शिकाऱ्याला पुरतात होय? लोक म्हणतील, हा शिकारी कसला, अंडी विकायचा."

"म्हणू देत."

"अरे पण तुला ऐकूसुद्धा येणार नाही!"

मला येणार नाही. झेम्लेला येईल. दफनभूमीच्या कुंपणापासून आमच्या अंगणापर्यंत दोनशे चाळीस पावलं आहेत, मी मोजली आहेत. झेम्ले चार महिन्यांची आहे. विझ्ला जातीची शिकारी कुत्री, पावाच्या रंगाची, म्हणून हे नाव. तिने अजून बंदूक ऐकलेली नाही. बारा बंदुकांच्या तीन फैरी तिने पहिल्यांदा ऐकल्या, आणि त्याही घरात रडारड चालू असताना, तर ती कायमची गेली. मग सोन्यासारखं नाक असलं तरी काय उपयोग! मला भीती वाटते. हे वाक्य तीनदा खोडलं, आता राहू देतो. भूल उतरली नाही तर, याची वाटते. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी, मला पुरताना, अंगणात काय होईल, याची त्याहून जास्त वाटते.

४. झेम्ले माझा मेहुणा बोग्नार देझो याला. दुसऱ्या कोणालाही नाही. पद्धत अशी:

फेझंट पक्ष्याचा वाळलेला पंख गळाच्या काठीला बांधून गवतात फिरवणं झालं आहे. ती आता झेप घेण्याआधी क्षणभर थांबते. पंख रोज पाच मिनिटंच, जास्त नको, नाहीतर नाकाऐवजी डोळ्यांनी शिकार करायला शिकेल.

जिवंत पक्षी. गेल्या रविवारी तिला पहिलं कबूतर दाखवलं. पंख बांधून, माझ्या हातात. एक पंख सुटला, तिच्या नाकावर फटकारा बसला, आणि ती जी पळाली ती हातगाडीखाली. अशा वेळी तिला ओढून काढू नये, 'ये गं बाळा' करू नये, पक्षी परत नाकाशी नेऊ नये. कबूतर खुराड्यात ठेवावं. पाठ करून जमिनीवर बसावं आणि काहीतरी खावं. मी पाव आणि खारवलेली चरबी खाल्ली. बावीस मिनिटांनी माझ्या कोपराखालून तिचं नाक आलं. ती बावीस मिनिटं माझी स्वतःची झडप कशी चालली होती ते डॉक्टरांनी ऐकायला हवं होतं.

यापुढे लावा पक्षी. पाळलेला, गवतात लपवलेला, वारा तिच्या तोंडावर असताना. लांब दोरी सैल. वास लागून ती थांबली की माणसानेही थांबावं, तोंड बंद ठेवून.

आवाज. जेवणाच्या वेळी साठ पावलांवरून पत्र्याचं ताट वाजवावं, आठवड्याला दहा पावलं जवळ यावं. बंदूक आठव्या महिन्याच्या आत नाही. तीही दोनशे पावलांवरून, आणि झेम्ले उडत्या पक्ष्यामागे धावत असतानाच. पहिला पक्षी पडला की ओकची डहाळी मोडून अर्धी टोपीत खोचावी, अर्धी तिच्या पट्ट्यात. तो मान तिचा आहे.

५. पिरोश्का विचारते, "देझोलाच का? अकरा वर्षं तुम्ही एका टेबलाला बसला नाहीत."

म्हणून हे कलम. २००८ च्या ऑक्टोबरात मी आणि देझो माझ्या तेव्हाच्या कुत्र्याला, बेत्यारला, घेऊन कापणी झालेल्या शेतात गेलो. बेत्यार सहा महिन्यांचा. त्याने त्याआधी पक्षी पाहिला नव्हता. दोरी देझोच्या हातात होती. तो म्हणाला, "दाजी, आज नको. बघ कसा अंग चोरतोय. आज नुसता वास घेऊ दे."

मी म्हणालो, "पुस्तकं मी वाचलीत की तू?"

कबूतर त्याच्या तोंडासमोर सोडलं आणि त्याच क्षणी डोक्यावरून बार काढला. बेत्यारने दोरी हिसकली. दोन दिवसांनी तो रेल्वेच्या मोरीत सापडला. त्यानंतर बंदुकीचं कपाट उघडलं तरी तो पलंगाखाली शिरून लघवी करायचा. सात वर्षं जगला, एक पक्षी आणला नाही.

गावाला मी सांगितलं की बार देझोने काढला. तेव्हापासून दारूच्या गुत्त्यात त्याला 'धडाम देझो' म्हणतात. मीही म्हटलं आहे, मोठ्याने, हसून. त्याने एकदाही खुलासा केला नाही. बार मी काढला. हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता रविवारी गुत्त्यात वाचावं. मी नसलो तर पिरोश्काने.

६. बुधवार, सकाळ. वरचा मजकूर काल रात्रीपर्यंत टाइप केला. आज सात वाजता पिरोश्काने मला न विचारता देझोला बोलावलं आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याने चौथं कलम वाचलं, मग पाचवं, उभ्यानेच. मग पुन्हा एकदा, चष्मा लावून.

"डहाळीचं बरोबर लिहिलंस," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "लावे आणलेत का?"

"शेडमध्ये."

"चल मग. तुझी गाडी उद्याची आहे ना?"

त्याने एक लावा कुरणाच्या कडेला गवतात लपवला. दोरी माझ्याकडे द्यायला लागला, मी घेतली नाही. त्याने झेम्लेला वाऱ्याकडे तोंड करून चालवलं. चाळीस पावलांवर तिचं नाक वर गेलं, पुढचा डावा पाय उचलला गेला, शेपटी सरळ झाली, आणि ती उभी राहिली. मी घड्याळ लावलं. सगळं अंग थरथरत होतं तिचं.

"थरथरतेय रे," मी म्हणालो.

"थरथरू दे. पळाली का?"

"नाही."

"मग झालं तर."

एकोणीस सेकंद. मग लावा उडाला, तिच्या कानाला पंख घासून. ती मागे सरली, देझोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जिथून पक्षी उडाला तिथलं गवत हुंगायला परत गेली.

परत येताना देझो म्हणाला, "फैरींचं मी अध्यक्षाशी बोलतो. पण रविवारचं वाचन तूच करायचंस. मला तुझ्यासारखं ठणकावून वाचता येत नाही."

म्हणून कलम ५ मध्ये दुरुस्ती: मी इस्पितळातून सुटल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी, मी स्वतः वाचीन. नाही सुटलो तर वर लिहिल्याप्रमाणे. गाडी सकाळी सहा चाळीसची आहे. देझो स्टेशनपर्यंत येणार आहे. बोलणार नाही म्हणाला, नुसता बसेल.

वरील सहा कलमे मी स्वतः टाइप केली, साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवली आणि प्रत्येक पानावर सही केली. एका सहीची रेघ वाकडी आली आहे, ती माझीच आहे.

गेलेन्चेर आम्ब्रुश

साक्षीदार १: होर्टी ओर्शोल्या, टपाल वाटप, तिसाकेरेक
साक्षीदार २: पाल्लागी किलियान, पशुवैद्य, तिसाकेरेक (पाना आणला. गंजलेला आहे. – आ. गे.)

तिसाकेरेक, १८ सप्टेंबर २०१९