दोन सीटांमधली चेन

प्रिय ठकू,

आधी जरा दम घेऊ दे. आम्ही दोघं आत्ताच बाहेरून आलोय. माझे तळवे अजून हँडल धरल्यासारखे वळलेलेच आहेत, त्यामुळे अक्षर असं वाकडंतिकडं येतंय, चालवून घे. तुझे बाबा मोरीत गार पाण्याच्या टबात पाय सोडून बसलेत आणि चक्क शीळ घालतायत. तू म्हणशील, एवढं काय घडलं की आई फोन सोडून कागद घेऊन बसली? सांगते. पण क्रमाने सांगणार, आणि तूही क्रमानेच वाच. शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड मला चांगली माहीत आहे.

आम्ही सायकल घेतली. दोघांत मिळून एक, पुढे एक सीट, मागे एक सीट, हँडलही दोन आणि पायडलांच्या जोड्याही दोन. रंग हिरवा, कच्च्या कैरीसारखा. या वयात हे काय खूळ, असं तू मनात म्हणालीस ना? म्हण. बाबांच्या सायकलचं वेड तुला माहीतच आहे. दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी गावाबाहेर चक्कर मारून यायचे आणि मगच कात्री हातात घ्यायचे. मग गुडघा दुखतो म्हणून चक्कर बंद झाली आणि गिऱ्हाईक तयार कपड्यांकडे गेलं म्हणून दुकानही आवरलं. त्यानंतरचे बाबा तू फोनवरच ऐकलेस. घरात खुर्ची आणि ते, ते आणि खुर्ची. मला बघवत नव्हतं. मग ही दोघांची सायकल कुठे मिळेल याचा मी शोध लावला. नवीन घ्यायची आपली ऐपत नाही. जुनी मिळाली ती इंटरनेटवरच्या एका लिलावाच्या साइटवर. मी जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली, ‘चालू स्थितीत, दोघांनाही चालवता येते’, आणि बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले. म्हणाले, पुन्हा वाच.

लिलाव संपायची वेळ नेमकी माझ्या शिकवणीच्या तासात आली. शेजारी एक बँकेतले साहेब गाडी शिकत होते. मी त्यांना रस्त्याच्या कडेला गाडी लावायला सांगितली, हँडब्रेक ओढला आणि फोन काढला. समोर कुणी ‘वादळ’ नावाचा मनुष्य होता. मी बोली वाढवली की हा वाढवायचा. साहेबांना वाटलं त्यांचं काही चुकलं, ते बिचारे आरशात बघत राहिले. मग त्यांना खरा प्रकार कळला आणि तेही फोनवर वाकून बसले. शेवटी वादळ शमलं. मी आणि साहेब दोघांनी मिळून एवढा आरडाओरडा केला की मागच्या रिक्षावाल्याने थांबून, काही लागलंय का म्हणून विचारलं.

सायकल आली तेव्हा मी कामावरून धावतपळत घरी आले. बाबांनी दोऱ्या सोडल्या, पुठ्ठा बाजूला केला आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत हात फिरवत गेले. एखादं जनावर विकत घेताना बघावं तसं. सीट, फ्रेमचे सांधे, ब्रेकच्या तारा. मग एक हात मागच्या पायडलावर ठेवून दुसऱ्याने पुढचं पायडल फिरवलं. फिरवत राहिले. म्हणाले, अगं, ही पुढची पायडलं गरागरा फिरतायत, मागची हलतही नाहीत. मधली चेन कुठाय?

तुला समजावून सांगते, कारण सगळं त्या चेनवरच आहे. अशा सायकलला दोन चेन असतात. एक नेहमीची, मागच्या पायडलांकडून चाकाकडे जाणारी. दुसरी दोन्ही सीटांच्या पायडलांना जोडणारी. ती असली की पुढच्याने पाय मारले की मागच्याचेही फिरतात, पुढच्याने थांबवले की मागच्याचेही थांबतात. ती नसली की पुढचा माणूस हवेत पाय मारतो आणि मागच्याला पुढचं काही कळत नाही. आमच्या सायकलला ती नव्हतीच. बाबांनी हात पुसले. पुठ्ठ्याची घडी घातली आणि परत खुर्चीत जाऊन बसले. तो क्षण बघ, माझं डोकंच फिरलं.

मी तिथल्या तिथे साइट उघडली. तीन बटणं असतात, समाधानी, ठीक आणि असमाधानी. मी असमाधानीवर बोट ठेवलं आणि खाली असं काही लिहिलं की तू वाचलं असतंस तर आईला एवढे शब्द येतात याचं तुला नवल वाटलं असतं. धडधडीत खोटं, लोकांना फसवण्याचा धंदा, वगैरे. पाठवणार तेवढ्यात बाबा म्हणाले, आधी फोन कर. माणसाला बोलू तर दे.

विक्री करणाऱ्या बाई निघाल्या. आवाज असा की मी फोन हातभर लांब धरला. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेली, निवृत्त होऊनही शिट्टी गळ्यातच असल्यासारखी. त्यांनी नाव सांगितलं, पण तेव्हापासून आमच्या घरात त्या कवायतबाईच. मी चेनचं विचारलं. त्या म्हणाल्या, ती गंजलेली होती, हाताला काळं लागत होतं, एका चेनने चाक फिरत होतं, मग दुसरी उगाचच आहे असं वाटलं, काढून भंगारात टाकली. मी म्हटलं, मग जाहिरातीत दोघांनाही चालवता येते असं कशाला लिहिलंत? त्यावर म्हणाल्या, सीटा दोन होत्या म्हणून. मला हसावं की रडावं कळेना. मी सांगितलं की मी वाईट शेरा देणार आहे. बाईंनी विनवणी केली नाही. एवढंच म्हणाल्या, “द्या. चूक झालीय तर शेरा मिळायलाच हवा. मीही मुलांना देतच होते.”

मग फोन बाबांनी घेतला आणि निवांत चौकशी केली, त्यांना गप्पांची हौस. त्यातून कळलं की बाई एकट्या राहतात, त्यांच्या इमारतीतले लोक घर सोडून जाताना सामान टाकून जातात, म्हाताऱ्यांना ते कुठे विकायचं कळत नाही, म्हणून या त्यांच्या वतीने विकून देतात. खातं नवीन आहे, शेरे मोजकेच. एखादा वाईट पडला की साइटवाले खातं बंद करतात. हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, बाबांनी खोदून काढलं. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, जाऊ दे ना. मी म्हटलं, का जाऊ दे? उद्या दुसऱ्या कुणाला त्यांनी ब्रेक उगाच आहे म्हणून काढून गाडी विकली तर? मला माहीत असूनही मी गप्प राहिले असं होईल. ठकू, मी पंचवीसेक वर्षं लोकांना गाडी शिकवते. ज्याला वळण घेता येत नाही त्याला परीक्षेला बस असं मी कधी म्हटलेलं नाही, मग तो कितीही गोड बोलो. आमचं चांगलंच वाजलं. शेरा मात्र तूर्त पाठवला नाही.

आणि रविवारी दारात कवायतबाई. बसने दोन गाड्या बदलून आलेल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत नवी चेन, कपाळावर ग्रीसचा पट्टा. आल्या आल्या सरळ विचारलं, सायकल कुठाय? मग त्या आणि बाबा अंगणात मांडी घालून बसले. पहिल्यांदा चेन बसवली ती उलटसुलट. बाबांचं पायडल वर तर माझं तिरकंच. सीटवर बसून बघितलं तर दोघांच्या पायांत भांडण. परत काढली. दुसऱ्या वेळी बाईंनी पाना हवा म्हणून हात पुढे केला. बाबांच्या हातात पाना होता आणि त्यांनी तो दिला, पण बाईंच्या हाताच्या बाजूला, हवेत. बाई थबकल्या. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पाना घेतला आणि आधीच्याच आवाजात म्हणाल्या, “चला मास्तर, पुढचं पायडल धरा घट्ट.” त्यांना काय कळलं ते तुला सांगतेच. थोडं थांब.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान रविवारी रिकामं असतं. तिकडे नेली. मी पुढे, बाबा मागे. मी जन्मभर लोकांना घाबरू नका म्हणत आले आणि मीच दोन्ही ब्रेक आवळून बसले होते. बाई शेजारून धावत होत्या, या वयात, साडीचा पदर खोचून, एक हात मागच्या सीटला आणि तोंडाने एक-दोन, एक-दोन. पहिल्या फेरीत आम्ही खुणेच्या खांबांवर आदळलो. दुसरीत मी आधी ब्रेक लावला आणि नंतर सांगितलं, बाबा माझ्या पाठीवर. तिसऱ्या फेरीत मात्र काय झालं कुणास ठाऊक. मी वळणावर पाय हळू केले आणि मागूनही हळू झाले. मी जोर लावला आणि मागूनही आला. मी काही बोलले नव्हते. पायांनाच कळलं. बाबा मागून म्हणाले, “बोलू नकोस. मला कळतंय.” बाईंनी कधी हात सोडला ते आम्हाला समजलंही नाही. वळून आलो तर त्या मैदानाच्या मधोमध उभ्या, कमरेवर हात, डोळे पुसत होत्या आणि घाम पुसतेय असं दाखवत होत्या.

चहा घेताना शेऱ्याचा विषय बाईंनीच काढला. बाबांनी सांगितलं, आता छानपैकी समाधानी देतो. बाई भडकल्या. म्हणाल्या, चेन नव्हती हे लिहायचं. पदरचा वेळ घालून दुरुस्ती केली म्हणून चूक पुसली जात नाही, आणि सगळे गोड शेरे असले की कुणी त्यांवर विश्वास ठेवत नाही. बाबा म्हणाले, बटण तरी चांगलं दाबू द्या. त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही बघा, पण मजकूर खरा हवा. अशी विक्रेती मी तरी बघितली नाही.

आज पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर गेलो, कालव्याच्या कडेने थेट पुलापर्यंत. मी दिसेल ते सांगत होते, डावीकडे बगळे, समोर उतार, एक बाई कपडे वाळत घालतेय, कुत्रं आहे पण झोपलंय. उतारावर बाबांनी ओरडून सांगितलं, ब्रेक लावू नकोस! आणि मी नाही लावला. वारा असा आला की माझी ओढणी त्यांच्या तोंडावर आणि दोघं हसतोय मोठमोठ्याने. तिथल्या लोकांना वाटलं असेल, हे कोण वेडे!

घरी आल्या आल्या शेरा लिहायला बसले. समाधानी दाबलं आणि खाली लिहिलं की जाहिरातीत चालू म्हटलेली सायकल दोन सीटांमधल्या चेनशिवाय आली, ही चूक मोठी होती, आणि विक्रेत्या बाईंनी स्वतः येऊन ती भरून काढली. मग वाटलं, एका चेनसाठी एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून पुढचं वाक्य लिहिलं. ‘मागे बसणाऱ्या माझ्या नवऱ्याला दिसत नाही, त्यांना रस्ता त्या चेनमधून कळतो.’ लिहिलं आणि बघत बसले. ठकू, हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. दुकान गिऱ्हाइकामुळे बंद झालं नाही. व्हिडिओवर बाबा भलतीकडेच बघतात म्हणून तू चिडवतेस, ते आवाजाच्या दिशेने बघत असतात. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही. तू शिक्षण टाकून धावत येशील, म्हणून पास होईपर्यंत सांगू नकोस असं बाबांनी बजावलं होतं. पण जे चार अनोळखी लोकांना सांगायला बोट पुढे झालं, ते तुला आधी कळायला हवं. बाबांना विचारलं, ते म्हणाले, लिही, आणि फोनवर नको, तिला हवं तेवढं रडू दे, आपल्या धाकाने रडू गिळायला नको. म्हणून हे पत्र. शेरा तसाच उघडा ठेवलाय, तुझा फोन आला की मगच पाठवणार. तोवर रडून घे. पण रडून झालं की पुलाचा उतार आठव, आणि सुट्टीला ये तेव्हा पायांत चांगले बूट घालून ये, कारण तू आलीस की बाबांना मी नको, तू पुढे हवी आहेस.

तुझीच,
सध्या पुढच्या सीटवर असलेली
आई