बाकी काहीही आलं तर

दि. ९, गुरुवार
जेवणाची सुट्टी

चि. खारूताईस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा गुडघा बरा आहे. जिना चढताना कण्हतात, उतरताना मिरवतात. विणकामाच्या यंत्राशेजारी नवा पंखा आलाय, वारा कमी आणि आवाज जास्त. तू कारखाना सोडल्यापासून चार महिने मी एवढंच लिहिते आणि फाडते. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवू?

ते स्वेटर माझ्यामुळे उसवले.

आठवतं, स्वेटरच्या नमुन्याचं यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारा कंपायलर आपण दोघींनी लिहायला घेतला तेव्हा तू साठीच्या बाईला शिकवलंस, "आत्या, पायऱ्या सांगत बसायचं नाही. टाक्याच्या प्रत्येक प्रकाराला एक नियम लिहायचा. एखादा प्रकार राहिला की ही प्रोग्रामची भाषाच चूक दाखवत ओरडते." मी म्हटलं, "म्हणजे सासूच की गं!" तर म्हणालीस, "सासू नाही, आई. पडशील म्हणून ओरडते."

परीक्षेला जाताना तू कड बंद करणारा नवा टाका यादीत घातलास. त्याचा नियम परत आल्यावर लिहिणार होतीस. मालकांना माल त्याच दुपारी हवा होता. मी चालू करायला गेले तर त्या टाक्याचा नियम लागतो अशा सात ठिकाणी ओरडा! मला नियम सुचेनात, आणि जमत नाही म्हणायची लाज वाटली. मग सातही ठिकाणी खाली एकच ओळ लिहिली: बाकी काहीही आलं तर सोडून दे. सगळं चिडीचूप. मला वाटलं, जिंकले! यंत्राने एकाही स्वेटरची कड बंद केली नाही. दोनशे स्वेटर पहिल्याच धुण्यात उसवले.

मालक म्हणाले, "पोरीचा घोळ आहे," आणि तुला कंपायलर उघडूनही पाहू दिला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी लोकरीचा गुंता सोडवत होते. त्यात गुंता नव्हताच गं.

जुन्या मालकांच्या चिठ्ठीवाचून तुझी नवी नोकरी अडलीय, हे परवा तुझ्या बाबांनी सांगितलं. काल मी सगळ्यांसमोर खरं बोलले. मालक म्हणाले, "उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा." चिठ्ठी मात्र दिली, सोबत जोडली आहे. "दोष बहुधा तिचा नव्हता" असं लिहिलं होतं. "बहुधा" मी खोडायला लावलं.

पॅकिंगला जाण्याआधी त्या सातही ओळी काढल्या. सहा नियम जमले. सातवा जमत नाही, तिथे अजून ओरडतंय. ओरडू दिलंय.

माफ करायचं की नाही, तुझं तू ठरव. फक्त मला "बाकी"त टाकून सोडून देऊ नकोस. ये, नाहीतर फोन कर, पण भांड.

तुझा ओरडा ऐकायला बसलेली,
आत्या