नागपुरात चंद्र दिसतोय का, या फोनचा खुलासा

फ्रिस्को, टेक्सस

तीर्थरूप बाबांना विनयचा साष्टांग नमस्कार (हा शब्द मी इतकी वर्षं सवयीने लिहीत आलो, या खेपेला खरोखरच जमिनीवर आडवा आहे असं समजावं).

इकडे सगळे सुखरूप आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पुढचं वाचताना तुमचा हात छातीकडे जाण्याची शक्यता आहे. तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? जिना हळू चढता ना? (जिन्याची चौकशी का, ते पुढे येईल.) आई मजेत आहेत. संध्याकाळी ऊन उतरलं की गराजचं दार वर करून, खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर लक्ष ठेवतात. समोरचे गृहस्थ आता आधी त्यांना हात करतात आणि मग आम्हाला.

तर पत्राचं कारण. रेक्याविकहून मी तुम्हाला फोन करून 'बाबा, नागपुरात चंद्र दिसतोय का?' असं विचारलं आणि का विचारतोय ते काही सांगितलं नाही. त्यानंतर तुम्ही आपल्या लेकीकडे, चैत्रालीकडे, चौकशी केलीत, की विनयरावांना ऑफिसात फार ताण आहे का आणि ते हल्ली 'घेतात' का. बाबा, मी घेत नाही. त्या दिवशी कुणी पुढे केली असती तर विचार केला असता, पण कुणी केली नाही. फोनवरच खुलासा करणार होतो, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आमचा कायम आईंच्या हातात. म्हणून इथल्या लायब्ररीत लपून बसून लिहितो आहे. माझ्या ऑफिसातला शंतनू नागपूरला निघाला आहे, तो पाकीट तुमच्याच हातात देईल.

आई आल्याच आहेत तर सगळ्यांनी मिळून युरोपातलं एखादं राजधानीचं शहर निवांत पाहावं, ही कल्पना तुमच्या मुलीची. रेक्याविक ही निवड तुमच्या नातीची. (अनिका म्हणाली, 'इट्स टायनी, आजी कॅन वॉक एव्हरीव्हेअर.' आम्ही इकडे भट्टीत राहत असल्याने जूनमध्ये स्वेटर घालायचा मोह मलाही झाला.) तयारी माझी. मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर; काय काय बिघडू शकतं याचा विचार करायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे आईंच्या व्हिसापासून ज्वालामुखीपर्यंत आणि ज्वालामुखीपासून त्यांच्या कवळीपर्यंत सगळ्याची काळजी मी आधीच करून ठेवली होती. चंद्राची तेवढी राहिली.

सुरुवातीचे दिवस छान गेले. पत्र्याची रंगीत घरं, बंदर, टेकडीवरचं ते उंच करड्या सिमेंटचं चर्च. चर्चमध्ये आईंनी हात जोडले आणि बाहेर येऊन म्हणाल्या की देव चांगला आहे, पण बाहेरून एकदा रंग द्यायला हवा. आईंना त्रास एवढाच, की तिथे या दिवसांत रात्र अशी होतच नाही. दिवेलागणीची वेळ झाली की देवापुढे दिवा लावायची त्यांची सवय, आणि ती वेळ काही केल्या होईना. शेवटी त्यांनी जेवण झाल्यावर दिवा लावला, तोही भर उन्हात, सूर्याकडे रागाने बघत.

आणि मग एका सकाळी न्हाणीघरातून किंकाळी आली. मी धावलो. (दाराबाहेरच थांबलो, गैरसमज नसावा.) आई बर्फासारख्या पाण्याने आंघोळ करत होत्या. तिथलं गरम पाणी जमिनीतून येतं आणि त्याला उकडलेल्या अंड्याचा वास असतो. एरवी त्यांनी नाक धरून चालवून घेतलं होतं. पण आज कसं चालेल, असं आतून कुडकुडत उत्तर आलं, आज संकष्टी.

बाबा, इथे जरा पाणी प्या. आईंनी संकष्टी सोडलेली नाही. मधुमेहाचं निघालं तेव्हा डॉक्टरांसमोर तुम्ही त्यांच्याकडून शब्द घेतला होतात, आणि त्यांनी तो दिलाही होता, हे मला माहीत आहे. तरी गेली कित्येक वर्षं दर संकष्टीला दुपारी त्या तुम्हाला गरमगरम वाढतात, 'माझं मागाहून' म्हणतात, आणि ते मागाहून चंद्रोदयानंतर येतं. तुमच्या बायपासच्या वेळी त्यांनी हे धरलं होतं. चैत्राली चिडली, रडली, तुम्हाला फोन लावते म्हणाली. आई शांतपणे केस पुसत म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी धरलंय, ते ह्यांच्याच भीतीने सोडू होय?"

सकाळी अर्धं केळं आणि चहा. आणि मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर, कारण गोळी म्हणजे काही खाणं नव्हे. मी फोनवरच्या पंचांगात रेक्याविक टाकून चंद्रोदय पाहिला. तिथे नुसती एक आडवी रेघ होती. मला वाटलं ॲप बिघडलं (आयुष्यभर तेच वाटत आलं आहे), पण हॉटेलातल्या मुलीने सांगितलं की या दिवसांत त्यांच्याकडे पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र क्षितिजाच्या खालूनच निघून जातो, वर येतच नाही. तिला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं. अनिकाने आजीला कागदावर पृथ्वी काढून समजावलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असू दे, वाट बघू.

दुपारी आम्ही गावातल्या तळ्याकाठी होतो. आई बदकं बघत बाकावर बसल्या आणि मी पाहिलं तर त्यांच्या हाताला कापरं होतं. एवढ्या थंड वाऱ्यात कपाळावर घाम. अनिकाने त्यांच्याच पर्समधलं मशीन काढून बोटाला टोचलं. साठाच्या आसपास. बाबा, मला आजवर बऱ्याच गोष्टींची भीती वाटली आहे, पण त्यातल्या बहुतेक झाल्या नाहीत. ही समोर होत होती. मी खिशातलं चॉकलेट काढलं, आईंनी तोंड फिरवलं. अनिका म्हणाली, "बाबा, आय ॲम कॉलिंग ॲन ॲम्ब्युलन्स." चैत्राली आईंचे पाय धरून बसली. मी काय केलं? मी पुन्हा ॲप उघडलं.

आणि त्यात नागपूर टाकलं. तुमच्याकडे रात्र होती आणि चंद्र नुकताच उगवलेला असायला हवा होता. मी आईंना म्हटलं, आपल्या घरी उगवलाय, सोडा. त्या विचारात पडल्या. मग त्यांनी निकाल दिला, की पंचांगातली वेळ चालते, पण आपण ज्या गावात आहोत त्याच गावची. परगावचा चंद्र घ्यायचा तर तो घरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेला हवा. (हा नियम त्यांनी जागच्या जागी केला असा मला संशय आहे, पण ही वाद घालायची वेळ नव्हती.) आणि वर, ह्यांना का ते कळता कामा नये.

म्हणून तो फोन. तुम्ही 'कुठला चंद्र?' विचारलंत, मी 'आपलाच' म्हणालो. तुम्ही 'तिकडे नाही का?' विचारलंत, मी 'नाही' म्हणालो, जे शंभर टक्के खरं होतं. मग तुम्ही 'गच्चीवरून बघून सांगतो' म्हणून फोन ठेवलात आणि माझ्या लक्षात आलं, की एका रुग्णासाठी मी दुसऱ्या रुग्णाला रात्री जिन्यावर पाठवलं आहे. इकडे साखर आणि तिकडे बायपास. तुम्ही फोन करेपर्यंत मी त्या तळ्याकाठी काय काय नवस बोललो ते लिहीत नाही, कारण फेडायचे झाले तर रजा पुरणार नाही. शेवटी तुमचा फोन आला. "दिसला. पाण्याच्या टाकीवर आहे. स्वच्छ."

आईंनी अनिकाला नागपूर कुठल्या दिशेला ते विचारलं, फोनमधलं होकायंत्र बघून तिकडे तोंड केलं आणि बाटलीतल्या पाण्याचं अर्घ्य तळ्यात सोडलं. बदकं धावत आली. ("आजी, दे थिंक इट्स फॉर देम." आई म्हणाल्या, असू दे, त्यांनाही मिळू दे.) मग कोपऱ्यावरच्या दुकानातून चैत्रालीने तिथलं घट्ट दही आणलं, आईंनी बोटाने चाखून 'हा तर चक्का' म्हटलं, आणि कॅफेतल्या साखरेच्या पुड्या त्यात ओतून, फोनमधल्या गणपतीला नैवेद्य दाखवून, त्या बाकावर श्रीखंड खाऊन उपवास सोडला. (डब्यावर काय काय लिहिलं होतं ते मी वाचलेलं नाही.) हळूहळू हात थांबले. चैत्रालीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. चॉकलेट मात्र मीच खाल्लं.

आता विनंती. हा उपवास बंद व्हायला हवा. आमचं त्या ऐकत नाहीत, देवाचं आपल्या सोयीने ऐकतात. तुम्ही एकदा स्पष्ट सांगितलंत तर सोडतील. एवढं माझ्यासाठी करा.

कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला,
विनय

ता. क. सांगताना माझं नाव घेऊ नका. आई अजून दोन महिने आमच्याकडे आहेत आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे.

ता. क. २. पाकीट द्यायला शंतनूकडे आलो होतो, ते पुन्हा फोडून त्याच्याच टेबलावर हे लिहितो आहे. त्याच्या आई व्हिडिओवर होत्या. त्या तुमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतात आणि संकष्टीही करतात. मी सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, या वेळी रात्रभर आभाळ असं गच्च भरलेलं होतं की कुणालाच चंद्र दिसला नाही, पंचांगातली वेळ बघून जेवलो. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

बाबा, म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे. किती वर्षांपासून, ते मी विचारणार नाही. जिना चढला होतात की नाही, तेही नाही, आणि काहीच ठाऊक नसल्यासारखी चैत्रालीकडे माझी चौकशी का केलीत तेही आता ध्यानात आलं. वरची विनंती रद्द समजावी. पुढची संकष्टी इथे फ्रिस्कोत आहे. आई आता तुमचाच चंद्र मानतात, आणि तुमची रात्र म्हणजे आमची सकाळ, तेव्हा त्यांचं दुपारचं जेवण चुकणार नाही. मी फोन करीन. गच्चीवर जाऊ नका. खुर्चीतच बसा, जरा वेळ जाऊ द्या, आणि मागच्या खेपेसारखा स्वच्छ बघा.