काचघरातली सीतादही

आई,

बाहेर बर्फ पडून राह्यला आणि माह्या खिडकीत पऱ्हाटी उभी आहे. कुंडीत, कपाशीचं एकच झाड. ते इथं कसं आलं हे तुले सांगाचं आहे, कारण सारा घोळ तुह्या दह्यापायी झाला.

मी इथं कपाशीवरची अळी शिकाले आली. तू गेल्यावर ठरलं हे. काकू म्हणे, "एवढ्या लांब जाऊन अळीच पाहाची होती तं आपल्या वावरात काय कमी होत्या वो?" बरोबरच होतं तिचं. पयले काही महिने मी लय येड्यासारखी वागली. कॉरिडॉरमधे कोणी "कशी आहेस?" म्हणलं का मी थांबून सांगाले लागे, झोप नाही झाली, भात कच्चा राह्यला, तिकडं बाबाचा गुडघा दुखून राह्यला. गुडघ्यावर येईपर्यंत माणूस जिन्यात पोचलेला असे. आपल्या बोरी अरबच्या बाजारात असा प्रश्न इचारून कोणी पळून दाखवावं! आणि जेवाचं तं बोलूच नको. जो तो आपला डबा घेऊन आपल्या टेबलावर, तोंड कॉम्प्युटरकडं. कोणी कोणाले "काय आणलं?" म्हणत नाही. मीबी शिकली. दही-भात खाल्ला, डबा धुतला, झालं.

तुले तो अळीचा साल आठवते काय? बोंड वरून चांगलं, फोडलं का आत गुलाबी अळी आणि सडका कापूस. आजूबाजूच्या वावरात लोकायनं ढोरं सोडून दिले होते. तू मात्र पयल्या वेचणीच्या दिवशी नेहमीसारखी सीतादही कराले निघाली. मी मांगं, डोक्यावर दही-भाताची टोपली. तू पऱ्हाटीच्या बुडाशी देव म्हणून खडे मांडतं, हळद-कुकू लावतं, दही शिंपडतं. काकू बांधावरून वरडते, "कायले दही नासवतं वो? बोंडात सारी अळीच आहे!" तू मान वर न करता म्हणतं, "मंग तिले पाहुणी समज. माह्या वावरातून उपाशी कोणी गेलं काय आजवर?" बाया इतक्या हसल्या का वेचणी उशिरा सुरू झाली. त्या हसण्यात मी टोपलीतला घास उचलला आणि तुह्या चापटीचा आवाज सगळ्यायनं ऐकला. "पोट्टे, आधी सगळ्यायच्या हातावर, मंग तुह्या तोंडात!"

आता इथलं ऐक. आमचं एक काचघर आहे, आत ऊब, कपाशीच्या कुंड्यायच्या रांगा. एका दुपारी डबा घेऊन आत गेली तं पयलं बोंड फुटलेलं. पांढरं, भरगच्च, आत अळी नाही. माह्या हातानं मले इचारलंच नाही, आई. बाजूच्या कुंडीतले खडे उचलून बुडाशी मांडले, डब्यातलं दही बोटानं पानायवर शिंपडलं, हात जोडले. उरलेला दही-भात तिथंच उभ्यानं खाल्ला आणि खुशीत कामाले लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचघराच्या दाराले पिवळी पट्टी. आत माही प्रोफेसर बाई. तिले सारे नावानं हाका मारतात, माह्या तोंडून मॅडमच निघते. संगं माह्या बाजूच्या टेबलावरचा कोरियाचा पोरगा, तोंडाले मास्क लावून. पानायवर पांढरे वाळलेले ठिपके सापडले होते. नवा रोग असन, म्हणे. मॅडम म्हणाली, रोग असन तं सारेच झाडं उपटून जाळा लागतीन. साऱ्यायची मेहनत त्या रांगायमधे उभी होती, त्या पोराचीबी. तोंड उघडलं तं मले घरी पाठवतीन, नाही उघडलं तं झाडं जातीन.

"मॅडम, ते दही आहे."

"दही?"

"हाव. मी दिलं." मंग सांगितलं, का आमच्याकडं पयला कापूस घ्याच्या आधी झाडाले जेवू घालतात. इंग्रजीत ते इतकं येडं वाटलं का मीच दचकली. मॅडमनं वाकून पानाचा वास घेतला. (तिचं बोलणं मी आपल्याच बोलीत लिहून राह्यली, तुले समजलं पाह्यजे.)

"साखर होती काय त्याच्यात?"

"नाही. मीठ."

"मीठ कायले?"

"माहा डबा होता मॅडम. दही-भात."

तो पोरगा मास्कच्या आतून हसला. "म्हणजे झाडाले जेवाले इचारलं, आमाले नाही इचारलं!"

आई, मॅडमनं नंतर खोलीत बोलावून मले असं झापलं का तूच आठवली. पुन्हा केलं तं काचघराची चावी काढून घेईन, म्हणाली. ते झाड प्रयोगातून बाद झालं, बाकी वाचले. कुंडी माह्या हातात देऊन म्हणाली, "हे आता तुहं." पण मले लागलं ते त्या पोराचं. दही शिंपडलं ते शिंपडलं, उरलेलं मी एकटीनं खाल्लं होतं!

दुसऱ्या दिवशी पातेल्याएवढा गंज भरून दही-भात नेला, वरून मिरचीची फोडणी. कॉम्प्युटर सोडून सारे उठून आले. तेव्हापासून शुक्रवारी कोणी ना कोणी काहीतरी आणते, आणि "काय आणलं?" हे मराठीत इचारते.

या साली खिडकीतल्या झाडाले बोंड फुटलं तं सगळ्यायले घरी बोलावलं. मॅडम दही घेऊन आली, स्ट्रॉबेरीचं. मी ते हसत हसत फ्रीजमधे ढकललं. कोरियाच्या पोरानं आधीच हात पुढं केला, म्हणलं थांब, आधी झाडाले, मंग सगळ्यायच्या हातावर.

कुंडी डुगडुगते. हा कागद घडी करून तिच्या बुडाखाली घालते, तुले दुसरीकडं कुठं पाठवू?

आणि एक सांगू? त्या दिवशी सारे जाईपर्यंत तुही आठवणच नाही आली. दही-भाताचा गंज घासता घासता आली.