स्टॅफ हे आडनाव

४ जून

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण हात रिकामे असले की मला काही सुचत नाही. आमच्या हाडांच्या वॉर्डात ऑपरेशन झालेल्या तीन रुग्णांच्या जखमा चिघळल्या. औषधांना दाद न देणारे ‘स्टॅफ’ नावाचे जंतू निघाले. मग आम्हा सगळ्या नर्सेसच्या नाकातले नमुने घेतले, आणि ते निघाले फक्त माझ्या नाकात! निकाल लागेपर्यंत मला रुग्णांपासून दूर, भांडारात बसवलंय. पट्ट्या रचते आणि झुरते.

त्या तिघांतल्या सुतारकाकांचं ड्रेसिंग मीच करायचे. माझ्यापायी त्यांचा पाय गेला, तर मी नोकरी सोडेन. नमुने तुझ्याच प्रयोगशाळेत आलेत म्हणे. काय असेल ते खरं सांग, आत्या म्हणून गय करू नकोस.

सध्या बिनकामाची,
तुझी आत्या

११ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा नमुना मी हाती घेतला नाही, आमच्या बाईंनी तपासला. अहवाल आज तुमच्याकडे गेला, म्हणून आता लिहिते.

अगं, स्टॅफ हे झालं आडनाव. एका आडनावाचे सगळे भाऊबंद थोडेच असतात? जनुकं ताडून पाहिली की घराणं कळतं. तिन्ही रुग्णांचे जंतू एकाच घराण्यातले, तुझे भलत्याच. रुग्णांच्या जंतूंचं गोत सापडलं प्लास्टरच्या खोलीतल्या फाटक्या गादीत. सुटलीस तू! मी प्रयोगशाळेतच रडायला लागले, तर बाई म्हणाल्या की नमुन्यांपासून लांब जाऊन रड.

आणखी एक गंमत. तुलनेसाठी आम्हीही आपापल्या नाकातले नमुने दिले होते. माझ्या नाकातलं घराणं हुबेहूब तुझंच निघालं! सुट्टीत एका उशीवर लोळत गप्पा मारल्या ना आपण. कुणी कुणाला दिलं ते मात्र विचारू नकोस.

लोभ वाढवावा, जंतू वाढवू नयेत.

तुझी ठकू

२२ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

नाकाला मलम लावून, पुन्हा तपासून घेऊन काल वॉर्डात परतले. सुतारकाकांचा पाय वाचला गं! मला पाहताच खेकसले, की इतके दिवस कुठे उलथला होतात सिस्टर? मला इतका आनंद झाला, की त्यांच्यासमोरच डोळे पुसले.

तूही मलम लाव, आळस करू नकोस. तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. तू जन्मलीस तेव्हा वहिनी म्हणाली होती, की पोरीचं नाक आत्यावर गेलंय. दादा आजवर कबूल करत नव्हता. आता बोल म्हणावं!

नाकासकट तुझीच,
आत्या