पहिल्या क्रमांकाचं पान

प्रिय चिमे,

तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. आईचं ऑपरेशन झालं, उजव्या डोळ्याने किती दिसेल ते नंतरच कळेल, एवढं सांगून तू रडायला लागलीस. "दादा, लिंक मीच पाठवली रे," हेच तीनदा म्हणालीस. मी नुसता "असू दे, असू दे" म्हणत राहिलो. एरवी माइक सोडत नाही म्हणून तू मला चिडवतेस.

आईच्या डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके नाचायला लागले, तेव्हा ती हसत म्हणाली होती, "माशा असतील, हाकलते." तू इंटरनेटवर शोधलंस आणि सगळ्यात वर आलेलं पान तिला पाठवलंस. वरचं थोडं वाचून ती निर्धास्त झाली आणि पाच दिवस स्वेटर विणत बसली. सहाव्या दिवशी डोळ्यावर अर्धा पडदा ओढल्यासारखं झालं, तेव्हा कुठे दवाखाना. पहिल्याच दिवशी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

पान सगळ्यात वर कसं येतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. पूर्वी मी चौकाचौकांत भाषणं ठोकायचो; आता चष्म्यांच्या एका दुकानाच्या वेबसाइटसाठी लिहितो. लोक शोधताना काय टाइप करतात, त्याची यादी रोज सकाळी समोर येते. तेच शब्द मथळ्यात घालायचे, पहिल्या परिच्छेदात घालायचे आणि वाचणाऱ्याला पानावर धरून ठेवायचं. या कामाला नाकं मुरडणाऱ्यांशी मी कडाकडा भांडलोय. अडलेल्या माणसाला त्याच्याच शब्दांत उत्तर मिळावं, यात कमीपणा कसला? हे मी आजही ठणकावून सांगेन.

आमच्याकडे ‘डोळ्यासमोर काळे ठिपके’ असंही एक पान आहे. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं : ठिपके अचानक आले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. साहेबांनी आकडे पुढे केले. ते वाक्य वाचून निम्मे लोक पान बंद करत होते. "अहो वक्ते, घाबरवून गिऱ्हाईक थांबतं का कधी?" वाक्य खाली गेलं, चष्म्यांच्या फोटोंच्याही खाली. वर आलं, ‘घाबरू नका, वयानुसार असं होतंच.’ महिनाभरात पान पहिल्या क्रमांकावर. ऑफिसात टाळ्या वाजल्या. पान बंद करणारे ते लोक कदाचित डॉक्टरांकडेच निघाले असतील, हा विचार त्या खोलीत एकालाही शिवला नाही.

काल मी ते वाक्य कुणाला न विचारता पुन्हा वर नेलं. साहेब संतापले आहेत. पान घसरेल. घसरू दे.

रविवारी येतोय. आईला मीच सांगणार आहे, तू मध्ये पडू नकोस. पण तोवर तू स्वतःला दोष देत बसणार, ते मला बघवत नाही. सभेत तासतास बोलणाऱ्या माणसाला फोनवर चार शब्द जमले नाहीत, म्हणून हा कागद : ते पान मी लिहिलं. तुझी चूक असलीच तर एवढीच, की तू त्याच्यावर विश्वास ठेवलास. आणि विश्वास बसावा, असंच मी ते लिहिलं होतं.

तुझाच,
दादा