तोंडाची साल

।। श्री ।।

विश्रांतवाडी, पुणे
ता. ९ फेब्रुवारी २००३

चि. सौ. बायडास वेणूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे धडधाकट. तुझ्या गुडघ्याचं कळव.

फोन केला नाही, कारण फोन बैठकीत आणि सुनेचे कान स्वयंपाकघरातून तिथवर पोचतात. बातमी तिच्याच आईची आहे. आमच्या विहीणबाई उल्काताईंनी तोंडाची साल काढून घेतली. हसू नकोस, खरं सांगते. कर्वेनगरात डॉक्टरीण आहे, ती ब्रशनं तोंडाला ॲसिड लावते. त्याला पील म्हणतात. चार दिवसांनी कातडी सापाच्या कातेसारखी निघते, खालून नवी येते. विहीणबाईंच्या गालावरचे वांगाचे काळे डाग गेले. शाळेतून निवृत्त झालेली बाई, आता गाल कोणाला दाखवायचेत? ऊन लागू द्यायचं नाही म्हणून छत्री घेऊन मिरवते.

आणि हे केलं कोणी? माझ्या नातीनं, नम्रतानं. सून नोकरीला जायची तेव्हा त्या पोरीला न्हाऊ-माखू मी घातलं. हिंजवडीत नोकरी लागली, कंपनीची बस कर्वेनगरातून सुटते, म्हणून ती त्या आजीकडे राहायला गेली. तेही मी गिळलं. रविवार तेवढा माझा होता. आता रविवारी ती त्या आजीला स्कूटीवर बसवून डॉक्टरणीकडे नेते. लेकाच्या, सुदर्शनच्या बाळंतपणापासून माझ्या दोन्ही गालांवर वांग आहेत. ते पोरीला कधी दिसले नाहीत.

तू तरी विसरू नकोस.
तुझी वेणूअक्का

उदगीर
ता. १७ फेब्रुवारी २००३

ती. अक्कास बायडाचा शि. सा. न. पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे, पण पत्र वाचून हसून हसून पोट दुखलं.

अक्का, माझ्या लग्नात माझ्या नथीचा मोती मोठा निघाला म्हणून तू पंगतीतून उठली होतीस. तुला वांग नको झालेत की विहीण नको झाली, ते आधी ठरव. पोरीला सरळ म्हण, मलाही ने. ती नाही म्हणणार नाही. तुझं तोंड दुसऱ्याला बोलायला चालतं, काही मागायचं म्हटलं की दातखीळ बसते. चोरून काही उद्योग करू नकोस.

माझ्यावर चिडलीस तरी माया ठेव.
बायडा

विश्रांतवाडी
ता. ११ मार्च २००३

चि. सौ. बायडास अनेक आशीर्वाद.

मागायला जाईन मी? माझी मी गेले. इथेच चौकात एक डॉक्टरीण बसते. भिंतीला चुना द्यायच्या आधी ती खरवडून घ्यावी लागते, एवढं मला कळतं. म्हणून निघायच्या आधी टाचा घासायच्या वज्रीनं दोन्ही गाल लाल होईस्तोवर घासून घेतले. डॉक्टरणीनं विचारलं, तोंडाला काही लावलंय का? मी म्हटलं, काही नाही. खोटं कुठे होतं? लावलं नव्हतंच, काढलं होतं. चालून आल्यानं लाल दिसतंय असं वाटून तिनं ॲसिड फिरवलं आणि मला आपली आई आठवली. तिनं झटपट पाण्यानं धुतलं, मग वज्रीचं ऐकून माझ्या वयाचा मुलाहिजा न ठेवता झापलं. दोन्ही गाल करपलेल्या भाकरीसारखे झाले.

नम्रता त्याच संध्याकाळी आली. आधी रडली, मग मला वेडी म्हणाली, मग बॅगच घेऊन आली. सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या बोटानं मलम लावते. दोन बस बदलून हिंजवडी गाठते. विहीणबाईंचा फोन आला होता, पोरगी कधी येणार म्हणून. मला ऐकू आलं नाही.

गाल अजून तसेच समज. घरात पदर घेऊनच असते. वेळ लागेल, बराच लागेल.

काळजी करू नकोस, पण विचारत जा.
वेणूअक्का

कर्वेनगर, पुणे
ता. २० मार्च २००३

सौ. वेणूबाईंना सप्रेम नमस्कार.

आपल्या गालांची हकिगत नम्रताकडून रोज ऐकते. परवा आळंदीहून परतताना विश्रांतवाडीच्या भाजीबाजारात उतरले होते. आपण भेंडीवाल्याशी भांडत होतात. पदर खांद्यावर होता. गाल छान दिसत होते, माझ्यापेक्षा बरे. हाक मारली नाही. आजारी माणसाला त्रास कशाला?

नम्रताला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण ती बसमध्ये उभ्यानं झोपते, तिनंच सांगितलं. तेव्हा सोमवार ते शुक्रवार तिला माझ्याकडे पाठवावं. शनिवार-रविवार आपले. डॉक्टरकडे मी रिक्षानं जाईन. ती नसली की मी एकटीपुरता भात लावते आणि तोही उरतो. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं, आता खोडत नाही.

आहे तेवढा स्नेह राहावा.
उल्का

विश्रांतवाडी
ता. २४ मार्च २००३

सौ. उल्काताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. शनिवारची सकाळ पोरगी झोपून काढते, तो दिवस मी धरत नाही. शुक्रवारी कामावरून परस्पर इकडे यायची आणि सोमवारी इथूनच कामाला जायची. कबूल असेल तर माझा चेहरा परवापर्यंत बरा होतो.

भात उरतो तर थोडा कमी लावा.

तुमच्या पत्रातलं ‘माझ्यापेक्षा बरे’ एवढं मी दोनदा वाचलं. बाकीचं एकदा.

राग नसावा, असला तर रविवारी येऊन काढावा.
वेणूबाई